कॅनडासाठी डब्ल्यूईएसचे पदवी-मूल्यांकन: गुणांसाठी चोख, पगारासाठी तोकडे

कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या पदवीधराच्या खर्चाच्या यादीत भाषेच्या परीक्षेच्या जोडीला एक नाव ठरलेले असते, डब्ल्यूईएस. म्हणजे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस. तुमची मुंबई, पुणे, नागपूर किंवा गोवा विद्यापीठाची पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे, हे सांगणारा अहवाल ही संस्था देते. शुल्क अडीचशे कॅनडियन डॉलरच्या आसपास, छापील प्रत घरपोच हवी असेल तर कुरिअरचे पैसे वेगळे. डॉलर साठ-पासष्ट रुपये धरला तर पंधरा-सोळा हजार इथेच गेले. विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्टचे (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) शुल्क आणि टपाल त्यावर.

आमचा कौल आधीच सांगतो. वास्तव्याच्या अर्जासाठी ही सेवा घ्या, तिथे ती पैसा वसूल आहे. पण तिकडे उतरल्यावर हा कागद दाखवून इथल्या पदवीला तिथला पगार मिळेल, या आशेने घेत असाल तर थांबा. ते काम या अहवालाचे नाही, आणि बरेच सल्लागार हा फरक सांगत नाहीत.

संस्था जुनी आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापना, नफ्यासाठी न चालणारी. टोरांटोचे कार्यालय २००० सालापासून. २०१३ मध्ये कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने परदेशी पदवीचे मूल्यांकन सक्तीचे केले आणि ते करणाऱ्या संस्था नेमून दिल्या, तेव्हापासून भारतातल्या अर्जदारांत हिचेच नाव सर्वाधिक घेतले जाते. पण ही एकटी नाही. टोरांटो विद्यापीठाची सीईएस, ब्रिटिश कोलंबियातल्या बीसीआयटी या तंत्रशिक्षण संस्थेची आयसीईएस, अल्बर्टा सरकारची आयक्यूएएस आणि आयसीएएस या चौघींचा अहवालही खात्याला तितकाच चालतो. डॉक्टरांनी मात्र मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाकडे आणि फार्मासिस्टांनी त्यांच्या परीक्षा मंडळाकडे, पीईबीसीकडे, जायचे असते. एमबीबीएसवाल्याने डॉक्टर म्हणून अर्ज करताना डब्ल्यूईएसचा अहवाल जोडला तर तो वाया जातो.

गुणांचा हिशेब

एक्स्प्रेस एंट्री या कायम वास्तव्यासाठीच्या, गुणांवर चालणाऱ्या निवड पद्धतीत एकट्या अर्जदाराला शिक्षणाचे गुण असे मिळतात: बारावीला ३०, एक वर्षाच्या पदविकेला ९०, दोन वर्षांच्या पदविकेला ९८, पदवीला किंवा तीन वा अधिक वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२०, दोन किंवा अधिक पात्रता असतील आणि त्यातली एक तीन वर्षांची असेल तर १२८, पदव्युत्तर पदवीला १३५, पीएचडीला १५०. जोडीदारासह अर्ज असेल तर हेच आकडे थोडे उतरतात (पदवीला ११२, पदव्युत्तरला १२६) आणि जोडीदाराच्या शिक्षणाचे वेगळे, जास्तीत जास्त १० गुण मिळतात.

आपल्याकडच्या बीकॉम, बीए, बीएस्सीवाल्यांना अहवाल हाती आला की एक धक्का बसतो. त्यात ‘तीन वर्षांची बॅचलर पदवी’ असे लिहिलेले असते, आणि शेजारच्या बीईवाल्याच्या अहवालात नुसतेच ‘बॅचलर पदवी’. गुणांच्या दृष्टीने यात काही फरक नाही. दोघांना १२०च. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेला चौथ्या वर्षाचा ऑनर्स केवळ या गुणांसाठी करणार असाल तर त्याने एकही गुण वाढत नाही.

खरा फरक पडतो तो दुसऱ्या पात्रतेने, आणि तोही भाषेच्या परीक्षेशी जोडलेला आहे. एकच पदवी आणि भाषेची चारही अंगे सीएलबी (कॅनडाची भाषा-पातळी मोजण्याची श्रेणी) ९ किंवा त्याहून वर असतील तर शिक्षण आणि भाषा मिळून वेगळे जोडगुण २५. दोन पात्रता किंवा पदव्युत्तर पदवी असेल तर ५०. भाषा सीएलबी ७ किंवा ८ वर अडकली तर हेच जोडगुण १३ आणि २५. म्हणजे बीकॉम आणि सीएलबी ९ असेल तर १४५; बीकॉम आणि मान्यताप्राप्त एक वर्षाची पदविका असेल तर १७८; एमकॉम असेल तर १८५. सर्वात हलकी उडी आहे ती या पदविकेची, कारण ती अनेकांनी कधीतरी केलेली असते आणि अर्जात टाकायची राहून जाते. शुल्क अहवालाचे असते, पदव्यांच्या संख्येवर नसते. त्यामुळे असेल ते सगळे पहिल्याच अर्जात टाका. अहवाल निघाल्यावर नवी पात्रता जोडायची तर पुन्हा पैसे आणि पुन्हा थांबणे आले.

एक अट आहे. पदविका देणारी संस्था विद्यापीठ, यूजीसी, एआयसीटीई अशा कोणाच्या तरी मान्यतेखाली हवी. गल्लोगल्ली निघालेल्या संगणक वर्गांची ‘ॲडव्हान्स डिप्लोमा’ प्रमाणपत्रे इथे मोजली जात नाहीत. नोकरीत त्यांचा उपयोग झाला असेल, तो वेगळा भाग.

एटीकेटी लागली होती, टक्केवारी ४८ होती, याने एक्स्प्रेस एंट्रीच्या गुणांत काही बिघडत नाही. पदवी पूर्ण झाली की नाही एवढेच पाहिले जाते. ट्रान्सक्रिप्टवर नापास झालेले प्रयत्न दिसतात म्हणून ते लपवणारी गुणपत्रिका पाठवण्याची आयडिया कोणी देत असेल तर त्याचा नंबर ब्लॉक करा.

कागद कुठे अडतात

पायऱ्या कागदावर सोप्या आहेत. डब्ल्यूईएसच्या संकेतस्थळावर खाते काढायचे, इमिग्रेशनसाठीचा ईसीए (परदेशी शिक्षणाचे मूल्यांकन) हाच प्रकार निवडायचा, पैसे भरायचे, संदर्भ क्रमांक घ्यायचा, तो क्रमांक असलेला नोंद-मागणी अर्ज भरून विद्यापीठाकडे द्यायचा, विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट थेट डब्ल्यूईएसकडे पाठवायचे, पदवी प्रमाणपत्राची स्वच्छ स्कॅन प्रत आपण चढवायची. संस्था मूल्यांकनाला काही कामाचे दिवस लागतील असे सांगते. ते दिवस कागद पोचून स्वीकारले गेल्यापासून मोजायचे, अर्जाच्या तारखेपासून नाही. आणि त्याआधीचा काळ आपल्याकडच्या विद्यापीठांत जातो.

सगळ्यात जास्त घोळ कोणत्या विद्यापीठाकडे जायचे यात होतो. नियम असा की पदवी ज्याने दिली त्याच्याकडे जायचे, कॉलेज आज कोणाशी संलग्न आहे याला अर्थ नाही. महाराष्ट्रात हे लक्षात ठेवायलाच लागते, कारण विद्यापीठे फुटत आणि नावे बदलत आली आहेत. सोलापूरच्या कॉलेजातून २००२ ला पदवी घेतली असेल तर ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, कारण सोलापूर विद्यापीठ २००४ चे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे २०११ पूर्वीची पदवी नागपूरची, गोंडवानाची नाही. जळगावची १९९० च्या आधीची पुण्याची, नांदेडची १९९४ च्या आधीची औरंगाबादची. गोव्यात १९८५ पूर्वीच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. वैद्यकीय, दंत आणि नर्सिंगच्या बाबतीत नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे; त्याआधीचे सगळे जुन्या पारंपरिक विद्यापीठांकडे. अभियांत्रिकीत अलीकडे बरीच कॉलेजे लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली, पण तुमची बॅच जुनी असेल तर तुमचा रेकॉर्ड जुन्याच ठिकाणी पडलेला असतो. विद्यापीठाचे नाव बदलले असेल, जसे पुणे विद्यापीठाचे २०१४ मध्ये किंवा उत्तर महाराष्ट्राचे २०१८ मध्ये, तर पदवी प्रमाणपत्रावर जे छापले आहे ते आणि आजचे नाव, दोन्ही अर्जात दिसतील असे पाहा.

दुसरा घोळ कॉलेजच्या शिक्क्याचा. प्राचार्यांनी सही-शिक्का मारलेल्या गुणपत्रिकांच्या प्रती संलग्न कॉलेजातून पाठवल्या तर त्या ग्राह्य धरल्या जात नाहीत. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडूनच यायला हव्यात. स्वायत्त कॉलेजांची गोष्ट निराळी: परीक्षा त्यांनीच घेतलेल्या असतात, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट त्यांचे आणि पदवी विद्यापीठाची, अशी विभागणी होते. कॉलेज मध्येच स्वायत्त झाले असेल आणि तुमची पहिली दोन वर्षे विद्यापीठाच्या परीक्षेची असतील तर दोन्हीकडून कागद काढावे लागू शकतात. खिडकीवर उभे राहण्याआधी हे विचारून घ्या.

तिसरा घोळ पाकिटाचा. कागदी मार्गाने जात असाल तर पाकीट विद्यापीठाने बंद केलेले, जोडावर सही आणि शिक्का, आत नोंद-मागणी अर्ज, बाहेर संदर्भ क्रमांक. हे पाकीट ‘आत बरोबर आहे ना’ म्हणून उघडले की ते बाद. आत काय जाते ते पाकीट बंद होण्याआधी टेबलाशी उभे राहून तपासा: सर्व सत्रे आहेत का, नाव बरोबर आहे का, पदवीचे वर्ष आहे का. ज्या विद्यापीठांनी ई-ट्रान्सक्रिप्ट सुरू केले आहे तिथे हा सगळा प्रकार टळतो आणि टपालाचा वेळ वाचतो. सोय असेल तर कागदी मार्ग निवडूच नका.

आणि नाव. मराठी नावाची रचना परदेशी फॉर्मशी कधीच जुळत नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, नव्या गुणपत्रिकांवर शिवाय आईचे. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये कधी नाव आणि वडिलांचे नाव एकत्र, कधी नुसते नाव. डब्ल्यूईएसचे खाते पासपोर्टप्रमाणे काढा, गुणपत्रिकेप्रमाणे नाही, आणि शिक्षणावरचे नाव ‘पूर्वीचे नाव’ या रकान्यात लिहा. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि नाव राजपत्रात बदलले असेल तर त्याची प्रत सुरुवातीलाच चढवून ठेवा. नुसत्या स्पेलिंगचा फरक (देशमुखमध्ये ‘यू’ एक की दोन ‘ओ’) अनेकदा चालून जातो, पण मधले नाव वडिलांचे असताना अचानक नवऱ्याचे दिसले की फाइल थांबते.

पदवी प्रमाणपत्र न घेतलेल्यांची संख्या कमी नाही. पदवीदानाला अर्ज केला नाही, गुणपत्रिकेवर काम चालले, वीस वर्षे गेली. ते काढायला विद्यापीठाकडे पुन्हा अर्ज, विलंब शुल्क आणि वाट पाहणे आले. डब्ल्यूईएसचे पैसे भरण्याआधी हा कागद हातात आहे का ते पाहा. आणखी एक: एखादा कागद पोचल्यावर शंका आली तर डब्ल्यूईएस तो विद्यापीठाकडे उलट तपासणीला पाठवते. तिकडून उत्तर यायला आठवडे जातात, आणि तेवढा वेळ खात्यावर काहीच हालत नाही. अशा वेळी डब्ल्यूईएसला रोज ईमेल करण्यापेक्षा विद्यापीठातल्या ज्या टेबलावर ते पत्र पडले आहे तिथे माणूस पाठवणे जास्त उपयोगी.

या सगळ्याला एजंट लागत नाही. फॉर्म भरून देण्याचे कोणी वीस-पंचवीस हजार मागत असेल तर तो तुमच्याच विद्यापीठाच्या रांगेत कोणाला तरी उभे करणार आहे, एवढेच.

अहवाल पगाराला का पुरत नाही

इथपर्यंत सेवा आपल्या कामात पक्की आहे. आता मूळ प्रश्न. कॅनडा शिक्षणाला १२०-१३५ गुण देऊन माणूस आत घेतो, मग त्याच शिक्षणाला तिथला मालक तितकी किंमत का देत नाही?

हा प्रश्न अर्थशास्त्रात जुना आहे. बॅरी चिझविक यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पुरुष कामगारांवर केलेल्या अभ्यासात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे तिथे जन्मलेल्यांची कमाई सुमारे ७.२ टक्क्यांनी वाढत होती, बाहेरून आलेल्यांची ५.७ टक्क्यांनी. वर्षाला दीड टक्का हे किरकोळ वाटते, पण बारावी आणि चार वर्षांची पदवी यांच्यात ते चार वर्षे साचते. म्हणून बाकी सारे सारखे धरले तर दरी अल्पशिक्षितांपेक्षा पदवीधरांत जास्त रुंद होते. ज्याच्याकडे विकायला शिक्षण जास्त, त्याचीच किंमत जास्त कापली जाते.

ही कपात कशामुळे होते, हे रॅशेल फ्रीडबर्ग यांनी इस्रायलच्या आकडेवारीवर २००० साली दाखवले. बाहेर घेतलेले शिक्षण आणि बाहेरचा अनुभव यांना देशातल्या शिक्षण-अनुभवापेक्षा बरीच कमी किंमत मिळते, आणि स्थलांतरितांच्या कमी कमाईचे कारण पूर्णपणे यातच सापडते. त्याच अभ्यासातली जास्त कामाची गोष्ट पुढे आहे: स्थलांतरानंतर त्या देशात थोडे शिक्षण घेतले तर त्याचा स्वतःचा मोबदला मिळतोच, शिवाय जुन्या परदेशी शिक्षणाची किंमतही वर येते.

कॅनडाचे चित्र अधिक बोचरे आहे. टोरांटो विद्यापीठाचे फिलिप ओरिओपोलस यांनी खऱ्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवले. इंग्रजी नाव, कॅनडातले शिक्षण आणि अनुभव असलेल्या अर्जांपैकी १६ टक्क्यांना मुलाखतीचे बोलावणे आले. भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नाव आणि बाहेरचे शिक्षण-अनुभव असेल तर ५ टक्क्यांना. शिक्षण आणि अनुभव कॅनडाचाच ठेवून नुसते नाव बदलले तर ११ टक्के. म्हणजे दरीचा एक भाग नावाचा, मोठा भाग बाहेरच्या अनुभवाचा. पुढच्या, आणखी मोठ्या टप्प्यात त्यांनी बहुराष्ट्रीय कंपनीचा अनुभव, नामांकित संस्थेची पदवी, भाषेवरचे प्रभुत्व अशा गोष्टी अर्जात घालून पाहिल्या. फरक पडला नाही. आयआयटीचे नाव आपल्याकडे जेवढे दबदब्याचे, तेवढेच तिथेही चालेल, हे गृहीत धरणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

आता या प्रयोगाशेजारी डब्ल्यूईएसचा अहवाल ठेवून बघा. अहवाल सांगतो की तुमची पदवी खरी आहे आणि तिथल्या बॅचलरच्या तोडीची आहे. मालकाची शंका पदवी खरी की खोटी ही नसतेच. माणूस फोनवर ग्राहकाशी बोलू शकेल का, इथले नियम, इथली सॉफ्टवेअर, इथली कामाची पद्धत माहीत आहे का, आणि त्याच्याबद्दल इथला कोणी माणूस शब्द देईल का, ही त्याची शंका. तिला हा कागद उत्तर देत नाही. २०२१ च्या कॅनडा जनगणनेत परदेशी पदवी असलेल्या स्थलांतरितांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त लोक फार तर बारावीची गरज असलेल्या कामांत होते, कॅनडात शिकलेल्या पदवीधरांच्या दुप्पट प्रमाणात. यातले कितीतरी जण अशाच मूल्यांकनाच्या गुणांवर देशात आलेले असणार.

मात्र कागदाला काहीच किंमत नाही असेही म्हणता येत नाही. आना फेरर आणि क्रेग रिडेल यांनी कॅनडाच्याच आकडेवारीवर २००८ मध्ये दाखवले की नुसत्या शिक्षणाच्या वर्षांना स्थलांतरितांना कमी मोबदला मिळतो, पण अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र हाती असण्याचा फायदा त्यांना साधारणतः स्थानिकांपेक्षा जास्त होतो. परक्या मालकाला दुसरे काही तपासता येत नाही, तिथे पूर्ण झालेली पदवी हीच खूण उरते. म्हणून बायोडेटात पदवीच्या ओळीत ‘कॅनडातील बॅचलरशी समकक्ष, डब्ल्यूईएसचे मूल्यांकन’ एवढे लिहायला हरकत नाही. फायदा थोडा होतो, खर्च आधीच झालेला असतो.

भाषेचा धागा इथेही परत येतो. याच गटातल्या संशोधकांनी, डेव्हिड ग्रीन यांच्यासह, वाचन आणि आकडेमोडीच्या प्रत्यक्ष चाचण्यांचे गुण कमाईशी जुळवून पाहिले. स्थलांतरितांची साक्षरता-कौशल्ये स्थानिकांच्या पातळीवर आणली तर कमाईतली दरी अर्ध्याहून जास्त भरून निघते, आणि या कौशल्याला स्थलांतरितांना स्थानिकांपेक्षा कमी दर मिळत नाही, असे त्यांना आढळले. पदवीची किंमत कापली जाते, या कौशल्याची नाही. म्हणून आयईएल्टीएसमध्ये सीएलबी ८ वरून ९ वर जाणे (ऐकणे ८, वाचन, लेखन, बोलणे प्रत्येकी ७) हा दुहेरी सौदा आहे: एकट्या अर्जदाराला भाषेचे ३२ गुण वाढतात, पदव्युत्तर असेल तर जोडगुण २५ वाढतात, आणि तिकडे गेल्यावर मुलाखतीत ज्याची खरी परीक्षा होते ते कौशल्य सुधारते. क्लासला आणि पुन्हा परीक्षेला जाणारे पैसे मूल्यांकनाच्या शुल्कापेक्षा जास्त परतावा देतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परवान्याचे व्यवसाय

इथे डब्ल्यूईएसचा ईसीए जवळजवळ निरुपयोगी. आँटॅरिओ प्रांतात ‘इंजिनीअर’ हे बिरुद नावापुढे लावायचे तर प्रोफेशनल इंजिनीअर्स आँटॅरिओचा परवाना लागतो. ती संस्था शिक्षण तपासते, ४८ महिन्यांचा अनुभव पाहते आणि व्यवसाय-नीती व कायद्याची परीक्षा घेते. मे २०२३ मध्ये तिने ‘कॅनडातलाच एक वर्षाचा अनुभव हवा’ ही अट काढली. त्यामुळे पुण्यातल्या कंपनीतली वर्षे आता नीट मांडली तर मोजता येतात. परवाना नसतानाही परवानाधारकाच्या देखरेखीखाली अभियांत्रिकीचे काम करता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते आणि ते थेट गोदामात कामाला लागतात.

दंतवैद्यांना एनडीईबी या दंत परीक्षा मंडळाची प्रक्रिया, वकिलांना एनसीए या परदेशी कायदा पदव्या तपासणाऱ्या समितीचे मूल्यांकन आणि परीक्षा, फार्मासिस्टांना पीईबीसीच्या परीक्षा. प्रत्येकाकडे कागद पुन्हा विद्यापीठातूनच पाठवावे लागतात. त्यामुळे विद्यापीठाच्या खिडकीवर एकदा गेलातच तर दोन-तीन सीलबंद संच एकदम काढून ठेवणे किंवा ई-ट्रान्सक्रिप्टची सोय चालू ठेवणे शहाणपणाचे. नंतर टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधून भावाला नागपूरला पाठवणे महाग पडते.

आयटीआय झालेल्या वायरमन, प्लंबर मंडळींनी ईसीएच्या गुणांकडे फार पाहू नये. आँटॅरिओत ३०९ए इलेक्ट्रिशियनसारख्या सक्तीच्या कारागिरीला स्किल्ड ट्रेड्स आँटॅरिओकडून कामाच्या अनुभवाची समकक्षता तपासून घ्यावी लागते आणि मग परीक्षा. उत्तीर्णतेला ७० टक्के. त्यासाठी लागतात मालकांची तासांसह अनुभवपत्रे, गुणपत्रिका नव्हे. ठेकेदाराकडून असे पत्र भारतातून निघण्याआधीच लेटरहेडवर घ्या. नंतर ठेकेदार फोन उचलत नाही.

परवान्याच्या परीक्षा, पूरक अभ्यासक्रम यांना पैसे लागतात आणि नव्याने आलेल्याला बँक सहसा कर्ज देत नाही. विंडमिल मायक्रोलेंडिंग ही संस्था नेमक्या याच कामासाठी कमी व्याजाचे कर्ज देते. आँटॅरिओत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहीर जाहिरातीत ‘कॅनडातला अनुभव हवा’ असे लिहायला बंदी आहे. जाहिरातीतून वाक्य गेले म्हणून निवडणाऱ्याच्या मनातून जातेच असे नाही, पण अर्ज करायला संकोचणाऱ्यांना निदान दार दिसेल.

कोणी घ्यावा, कोणी नाही

भारतातून फेडरल स्किल्ड वर्कर या एक्स्प्रेस एंट्रीतल्या कुशल कामगारांच्या प्रवर्गात अर्ज करणाऱ्याला मूल्यांकन टाळता येत नाही. पाचांपैकी कोण, यात घोळ घालू नका: तुमचे विद्यापीठ ज्या संस्थेकडे ई-ट्रान्सक्रिप्ट पाठवते ती घ्या. बहुतेकांच्या बाबतीत ती डब्ल्यूईएसच निघते. जोडीदाराचे मूल्यांकन जास्तीत जास्त १० गुणांसाठी आहे; निमंत्रणाच्या कटऑफपासून पंधरा-वीस गुण दूर असाल तर तेच पैसे भाषेवर घाला.

अमेरिकेसाठीचा अहवाल वेगळा मागवावा लागतो आणि तिथे तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न खराखुरा आहे. एच-१बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसासाठी चार वर्षांच्या पदवीची तोड लागते, आणि कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे त्या क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव धरण्याची तरतूद आहे. कॅनडाचा ईसीए तिथे जोडून चालत नाही.

इमिग्रेशनच्या कामासाठी अहवाल पाच वर्षे चालतो, आणि तारीख पाहिली जाते ती अर्ज खात्याकडे पोचण्याच्या दिवशीची. संपत आला असेल तर शुल्क भरून नवा काढता येतो, कागद सहसा पुन्हा मागवावे लागत नाहीत. कॅनडातच पदवी किंवा पदविका घेतली असेल तर तिला मूल्यांकन लागत नाही. आणि जे आधीच तिथे काम करत आहेत, कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासमधून अर्ज करणार आहेत, त्यांच्यासाठी शिक्षणाची अटच नाही. भारतातल्या पदवीचे गुण हवे असतील तरच ईसीए काढावा, आणि आधी गुण मोजून बघावे की त्यावाचूनही निमंत्रण येते का.